रत्नागिरीत नोंदणीकृत स्पीच थेरपिस्ट कसा शोधायचा? मोबाईलवरून खात्री करण्याची पूर्ण पद्धत



आपल्या घरात 'मोबाईलमधलं ज्याला कळतं' अशी एकच व्यक्ती असते आणि बहुतेक वेळा ती तुम्हीच असता. लाईट बिल भरायचं, रेल्वेचं तिकीट काढायचं, आधार अपडेट करायचं, सगळं तुमच्याकडे येतं. तसंच कधीतरी असाही फोन येतो, 'अरे, बाळ अजून बोलत नाहीये, बघ ना कोणी डॉक्टर मिळतो का गुगलवर.' किंवा, 'काकांना पॅरालिसिसचा झटका आला, त्यांना बोलता येत नाहीये, कुणाकडे न्यायचं?'

अशा वेळी आपण काय करतो? 'स्पीच थेरपिस्ट नियर मी' टाईप करतो आणि वरचा पहिला नंबर फॉरवर्ड करतो. हॉटेल शोधायला ही पद्धत ठीक आहे. पण इथे प्रश्न एखाद्या माणसाच्या बोलण्याचा आहे आणि चुकीच्या ठिकाणी गेलेले सहा महिने परत मिळत नाहीत. म्हणून आज आपण बघणार आहोत की रत्नागिरीसारख्या शहरात राहून नोंदणीकृत स्पीच थेरपिस्ट कसा शोधायचा, आणि मुख्य म्हणजे तो खरंच नोंदणीकृत आहे का हे मोबाईलवरून कसं तपासायचं.

स्पीच थेरपिस्ट म्हणजे नक्की कोण?

पूर्ण नाव स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट. बोलीभाषेत आपण स्पीच थेरपिस्ट म्हणतो, मराठीत वाचा-उपचार तज्ज्ञ असाही शब्द आहे. यांचं काम फक्त लहान मुलांपुरतं नाही. त्यांच्याकडे हे सगळे जातात:

- उशिरा बोलणारी किंवा बोबडं बोलणारी मुलं
- बोलताना अडखळणारे, म्हणजे तोतरेपणा असलेले मुलं आणि मोठे
- ऑटिझम किंवा ऐकण्याची अडचण असलेली मुलं
- पक्षाघातानंतर शब्द सापडत नाहीत असे रुग्ण, याला वाचाघात म्हणतात
- घास गिळताना ठसका लागणारे रुग्ण
- सतत आवाज बसणारे शिक्षक, कीर्तनकार, गायक

आता गोंधळ कुठे होतो ते बघा. कान-नाक-घसा तज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो आजार तपासतो, औषध देतो, ऑपरेशन करतो. ऑडिओलॉजिस्ट ऐकण्याची तपासणी करतो आणि श्रवणयंत्र बसवतो. स्पीच थेरपिस्ट बोलणं, भाषा आणि गिळणं यावर काम करतो. स्पेशल एज्युकेटर शिकवण्याचं काम करतो. चौघंही लागू शकतात, पण एकाचं काम दुसरा करत नाही.

आपल्याकडे ऑडिओलॉजी आणि स्पीच यांची पदवी एकत्रच मिळते. तिचं नाव बीएएसएलपी. ही चार वर्षांची असते आणि त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप असते. म्हणून एकच व्यक्ती दोन्ही कामं करताना दिसली तर दचकू नका. डीएचएलएस नावाचा एक वर्षाचा डिप्लोमाही असतो. तो केलेली व्यक्ती सहाय्यक म्हणून, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करते. स्वतंत्रपणे निदान करणं हे तिचं काम नाही.

लायसन्स कोण देतं?

अमेरिकेत प्रत्येक राज्य वेगळं लायसन्स देतं. भारतात तसं नाही. आपल्याकडे देशभरासाठी एकच नोंदणी आहे आणि ती भारतीय पुनर्वास परिषद म्हणजे आरसीआय करते. १९९२ साली संसदेने यासाठी कायदा केला आणि १९९३ पासून परिषद कायद्याने काम करू लागली.

ही परिषद एक मोठं रजिस्टर ठेवते, त्याला सेंट्रल रिहॅबिलिटेशन रजिस्टर किंवा थोडक्यात सीआरआर म्हणतात. त्यात नाव असलेल्या प्रत्येकाला एक नंबर मिळतो. या रजिस्टरमध्ये नाव नसताना कोणी असा व्यवसाय केला तर कायद्याच्या कलम १३ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाची रक्कम आज हसू येण्याइतकी छोटी आहे, पण मुद्दा स्पष्ट आहे. नोंदणी ही 'असली तर बरं' अशी गोष्ट नाही, ती सक्तीची आहे.

देशभर एकच रजिस्टर असल्याचा आपल्याला एक मोठा फायदा आहे. पुण्यातला किंवा नाशिकमधला थेरपिस्ट तुम्हाला ऑनलाईन थेरपी देणार असेल, तरी त्याची खात्री याच एका ठिकाणी करता येते.

गुगल मॅप्सवर किती विश्वास ठेवायचा?

मॅप्स वापरायचंच, पण फक्त पत्ता आणि फोन नंबर शोधायला. कारण तिथे 'स्पीच पॅथॉलॉजिस्ट' ही कॅटेगरी दुकानदार स्वतः निवडतो. तुमच्याकडे पदवी आहे का, नोंदणी आहे का, हे रजिस्टरशी ताडून मॅप्स तुम्हाला दाखवत नाही.

मारुती मंदिर किंवा माळनाक्यावर उभं राहून सर्च करा आणि बघा. श्रवणयंत्राची दुकानं, कान-नाक-घसा दवाखाने, प्ले ग्रुप, कधी तर फिजिओथेरपी सेंटर, सगळं एकाच यादीत येतं. वर 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असेल तर ती जाहिरात आहे. आणि ४.९ स्टार म्हणजे रिसेप्शनवरचा माणूस गोड बोलतो, इतकाही अर्थ असू शकतो.

माझ्या मामेबहिणीचा मुलगा अडीच वर्षांचा होईपर्यंत 'आई' आणि 'पप' यापलीकडे काही बोलत नव्हता. ती लांज्याजवळ राहते. घरातली मोठी माणसं म्हणत होती की त्याचा बापही तीन वर्षांनीच बोलला, वेखंड उगाळून जिभेला लावत राहा, येईल बोलायला. ताई मात्र शांत बसायला तयार नव्हती. तिने मला शोधायला सांगितलं. मी यादी काढून एकेक फोन लावला. एका ठिकाणी मी नोंदणी क्रमांक विचारल्यावर समोरून उत्तर आलं, 'तो इथे सगळ्यांना लागत नाही हो, आमचा बारा वर्षांचा अनुभव आहे. तीन महिन्यांचं पॅकेज घ्या, बोलायला लागेल याची गॅरंटी.' दुसऱ्या ठिकाणी बाईंनी एका दमात नंबर सांगितला आणि वर म्हणाल्या, 'वेबसाईटवर बघून घ्या, आणि आधी त्याचे कान तपासून घ्या, मगच माझ्याकडे या.' कुठे जायचं हे तिथेच ठरलं.

स्टेप बाय स्टेप: आरसीआय नोंदणी कशी तपासायची

१. आधी फोन करा आणि सरळ विचारा, 'मॅडम, तुमचं पूर्ण नाव आणि आरसीआयचा सीआरआर नंबर सांगाल का?' यात लाजण्यासारखं काही नाही. नोंदणीकृत माणूस हा नंबर आपल्या लेटरहेडवर आणि रिपोर्टवर लिहितोच. पदवीधर तज्ज्ञांचा नंबर बऱ्याचदा इंग्रजी 'ए' या अक्षराने सुरू होतो आणि पुढे आकडे असतात.

२. मोबाईलमध्ये क्रोम उघडा आणि परिषदेची अधिकृत साईट टाईप करा: रिहॅबकौन्सिल डॉट एनआयसी डॉट इन. 'रिहॅब' आणि 'कौन्सिल' हे दोन इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता लिहायचे. सर्चमध्ये आलेल्या कुठल्याही लिंकवर आंधळेपणाने क्लिक करू नका. शेवट एनआयसी डॉट इन किंवा जीओव्ही डॉट इन असाच हवा.

३. साईट जुन्या पद्धतीची आहे, फोनवर मेन्यू नीट दिसत नसेल तर क्रोमच्या तीन टिंबांवर टॅप करून 'डेस्कटॉप साईट' चालू करा. फोन आडवा धरला तर आणखी सोपं जातं.

४. नोंदणीकृत व्यावसायिक शोधण्याची किंवा सीआरआर पडताळणीची लिंक उघडा. साईटवर मेन्यूची नावं आणि जागा बदलत असतात, म्हणून 'सीआरआर' आणि 'प्रोफेशनल' हे शब्द शोधा.

५. नंबर टाका. नाव जुळतं का बघा. नुसत्या नावाने शोधणार असाल तर सावध राहा, एकाच नावाचे अनेक जण असतात. शिवाय लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर जुन्या नावाने नोंद सापडते.

६. आता सगळ्यात महत्त्वाचं: व्यवसायाचा प्रकार वाचा. आरसीआयकडे फक्त स्पीच थेरपिस्ट नोंदवले जात नाहीत. विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, श्रवणयंत्र तंत्रज्ञ असे बरेच प्रकार आहेत. 'आमच्याकडे आरसीआय नंबर आहे' हे खरं असूनही तो नंबर विशेष शिक्षकाचा असू शकतो. आपल्याला ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट किंवा स्पीच पॅथॉलॉजिस्ट हा प्रकार हवा.

७. पहिल्या भेटीत भिंतीवरचं प्रमाणपत्र बघा. नोंदणीचं ठरावीक काळाने नूतनीकरण करावं लागतं आणि मुदत प्रमाणपत्रावर लिहिलेली असते.

साईट उघडली नाही तर घाबरू नका, सरकारी साईट आहे, रात्री उशिरा किंवा सकाळी लवकर पुन्हा बघा. तोपर्यंत प्रमाणपत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर मागता येतो. पण फोटो म्हणजे पडताळणी नव्हे, फोटो एडिट करायला आज दोन मिनिटं लागतात.

रत्नागिरीत सुरुवात कुठून करायची?

खाजगी दवाखान्याच्या आधी सरकारी दार ठोठवा, कारण तिथे पैसे कमी लागतात आणि पुढची कागदपत्रंही तिथेच होतात.

*जिल्हा शासकीय रुग्णालय.* तिथे कान-नाक-घसा विभागात पहिली तपासणी होते. मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल तर 'आरबीएसके' आणि 'डीईआयसी' हे दोन शब्द लक्षात ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. या कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. उशिरा बोलणं आणि ऐकू न येणं हे दोन्ही त्यांच्या यादीत आहे. पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं आणि त्याच्या मंजूर पदांमध्ये ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्टही असतात. राजापूर किंवा मंडणगडहून एसटीने निघण्याआधी मात्र फोन करून विचारा की थेरपिस्ट सध्या आहेत का आणि कोणत्या वारी बसतात. गावातल्या अंगणवाडी ताई किंवा आशाताई हा निरोप पथकापर्यंत पोचवू शकतात.

*वैद्यकीय महाविद्यालयं.* रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. गुहागर, चिपळूण, संगमेश्वर या बाजूच्या लोकांना ते जवळ पडतं.

*मुंबई.* निदानच अवघड असेल तर एकदा मुंबई गाठलेली बरी. वांद्रे रेक्लेमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. वाणी आणि श्रवण यासाठीची ही केंद्र सरकारची संस्था १९८३ साली स्थापन झाली. अली यावर जंग हे महाराष्ट्राचे राज्यपाल होते, त्यांचं नाव संस्थेला दिलं आहे. इथे तपासणी होते आणि थेरपिस्टही इथेच शिकून तयार होतात. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातही हा विभाग जुना आणि नावाजलेला आहे. रत्नागिरीहून जनशताब्दी पकडली की दादरला उतरता येतं. पुण्यात भारती विद्यापीठाचं याच विषयाचं महाविद्यालय आहे. शिकवणाऱ्या संस्थांमध्ये वरिष्ठांच्या देखरेखीखाली विद्यार्थी थेरपी देतात, त्यामुळे फी साधारण कमी असते.

*ऑनलाईन थेरपी.* दर आठवड्याला मुंबई कुणालाच जमत नाही. म्हणून पहिली तपासणी प्रत्यक्ष आणि पुढची सत्रं व्हिडिओ कॉलवर, असा मार्ग बरेच जण निवडतात. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, म्हणजे एआयआयएसएच, ऑनलाईन सेवा देते. ही संस्था १९६५ पासून आहे. मात्र श्रवणचाचणी आणि गिळण्याची तपासणी ऑनलाईन होत नाही, हे लक्षात ठेवा.

फोन करताना विचारायचे प्रश्न

हे प्रश्न नोट्समध्ये सेव्ह करून ठेवा:

- सीआरआर नंबर काय आणि शिक्षण कोणतं?
- थेरपी स्वतः देणार की सहाय्यक देणार?
- अशा तक्रारीचे किती रुग्ण बघता?
- सत्र किती मिनिटांचं, फी किती, एकेक सत्राचे पैसे देता येतात का?
- घरी काय करून घ्यायचं ते शिकवाल का?
- घरात जी भाषा बोलतो त्यात थेरपी होईल का?

शेवटचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात फार महत्त्वाचा आहे. कुणाच्या घरात संगमेश्वरी बोलतात, कुणाच्या घरात कोकणी मुसलमानांची बोली, कुणाकडे मारवाडी. मूल घरात जे ऐकतं त्याच भाषेत आधी बोलायला शिकतं. थेरपिस्टला ती बोली येत नसली तरी चालेल, पण घरातले शब्द विचारून घेण्याची तयारी हवी. 'घरी फक्त इंग्रजी बोला' असं कोणी पहिल्याच दिवशी सांगितलं तर त्याचं कारण विचारा.

या गोष्टी दिसल्या तर सावध व्हा

- 'गॅरंटी', 'शंभर टक्के', 'तोतरेपणा सात दिवसांत बंद' अशी भाषा
- श्रवणचाचणी न करता थेट थेरपी किंवा थेट मशीन विकणं
- तीन-सहा महिन्यांचे पैसे आधीच मागणं
- पालकांना खोलीबाहेर ठेवणं आणि काय चाललंय ते न सांगणं
- भेटीआधीच क्यूआर कोड पाठवून 'बुकिंग अमाउंट' मागणं

पैसे पाठवण्याआधी यूपीआयवर दिसणारं नाव आणि थेरपिस्टचं किंवा दवाखान्याचं नाव जुळतं का, एवढं तरी बघा.

मोबाईलचा खरा उपयोग इथे होतो

नवीन माणसासमोर मूल गप्प बसतं. म्हणून जाण्याआधी घरी दोन-तीन मिनिटांचे दोन व्हिडिओ काढा, एक खेळताना आणि एक जेवताना. मुद्दाम 'बोल ना, बोल ना' करू नका, नेहमीसारखं वागू द्या. थेरपिस्टला या व्हिडिओतून खूप काही कळतं. काकांना झटका आला असेल तर त्यांचे झटक्याआधीचे आणि नंतरचे व्हॉट्सॲप व्हॉइस मेसेज जपून ठेवा. फक्त हे व्हिडिओ स्टेटसला किंवा फॅमिली ग्रुपवर टाकू नका. मूल मोठं झाल्यावर ते त्याला आवडेलच असं नाही.

ज्या मुलांना बोलणं जमत नाही त्यांच्यासाठी चित्रांवर टॅप करून बोलणारी ॲप्स असतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे असंच एक मोफत ॲप आहे. कोणतं ॲप कसं वापरायचं हे थेरपिस्टला विचारूनच ठरवा. आणि हो, 'बोलायला शिकवणारी कार्टून' लावून मुलाला एकटं बसवणं म्हणजे थेरपी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त नको. मूल शब्द शिकतं ते समोरच्या माणसाकडून.

काही नेहमीचे प्रश्न

*कधी थांबायचं आणि कधी जायचं?* साधारण वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो आणि दोन वर्षांचं मूल 'दूध दे', 'बाबा गेले' असे दोन शब्द जोडतं. दोन वर्षांनंतरही तसं होत नसेल तर तपासणी करा. नावाने हाक मारल्यावर मूल बघत नसेल किंवा येत असलेले शब्द बोलायचं बंद झालं असेल तर एक दिवसही थांबू नका.

*आधी कान का तपासायचे?* जे नीट ऐकू येत नाही ते बोलता येत नाही. ओएई आणि बेरा या चाचण्या दुखत नाहीत, मूल झोपलेलं असतानाही होतात. ताईच्या मुलाच्या दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साचलेलं निघालं. कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण मोठा आवाज त्याला ऐकू येत होता. कानावर उपचार झाले, त्यासोबत थेरपी सुरू झाली आणि चार महिन्यांनी तो अंगणात उभा राहून 'गाडी गेली' म्हणाला. प्रत्येकाचं इतकं लवकर होत नाही. काहींना वर्षं लागतात, पण लवकर सुरुवात केली तर फरक पडतो.

*मोठ्या माणसांना उपयोग होतो का?* हो. वाचाघातात माणसाची बुद्धी गेलेली नसते, शब्द हाताला लागत नाहीत. तब्येत स्थिर झाली की डॉक्टरांना विचारून थेरपी लगेच सुरू करावी.

*सरकारी प्रमाणपत्र मिळतं का?* २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात वाणी व भाषा दिव्यांगत्व आणि श्रवणदोष आहेत. त्यासाठी यूडीआयडी कार्डचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाईन भरता येतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी घरातून असा फोन आला की नुसती मॅप्सची लिंक पाठवू नका. आधी कानाची तपासणी सांगा, मग नंबर विचारा, तो रजिस्टरमध्ये बघा आणि प्रकार वाचा. सगळं मिळून अर्धा तास लागतो. ज्यांच्या घरात अशी शोधाशोध चालू आहे त्यांना हा लेख नक्की पाठवा.